लोहाराची हॅट, बापाचे टोमॅटो
चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’ ही कादंबरी 1861 मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यात जो नावाचा गावचा लोहार, नायक पिपला ज्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं तो, लंडनला त्याला भेटायला येतो. पिपला त्याची लाज वाटते. पैसे मोजून ही भेट टळली असती तर त्याने मोजले असते. बिचारा लोहार शेकोटीवरच्या फळीच्या कडेला हॅट ठेवतो, ती सारखी खाली पडते, आणि बोलता बोलता तो पिपला ‘साहेब’ म्हणून जातो. वर्गभेदावर व्याख्यान नाही. एक हॅट पडते आणि दोन माणसांमधलं अंतर दिसतं. अशीच नजर आपल्या कळंब तालुक्यातल्या कथाकार भास्कर चंदनशिवांकडे होती. त्यांच्या ‘लाल चिखल’ कथेतला बाप भाव पडल्यावर भर बाजारात टोमॅटो पायाखाली तुडवतो, आणि ते पाहतो त्याचाच शाळकरी मुलगा. मला ही कथा डिकन्सपेक्षा कठोर वाटते, कारण इथे लाज पोराने बापाची धरायची नाही, बाजाराने धरायची आहे. धाराशिवहून पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांनो, ती कादंबरी आणि ही कथा शेजारी ठेवून वाचा, आणि वडील खोलीवर आले की मित्रांशी त्यांची ओळख आधी करून द्या.