‘घरीच असते’ असं सांगू नका

असोद्यात काय किंवा जळगावभोवतीच्या कुठल्याही गावात काय, एक निदान ठरलेलं असतं. शेतीत काही उरलं नाही, म्हणून पोरं पुण्या-सुरतेला गेली आणि गावं रिती झाली. कापसाला भाव द्या, गाव पुन्हा भरेल.

भावाची मागणी रास्त आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. निदान मात्र अपुरं आहे.

आधी माणसांचं पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ३६.८ लाखांवरून ४२.३ लाखांवर गेली. म्हणजे जिल्हा रिता झाला नाही. आटल्या त्या मुली. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ८८० मुली होत्या, २०११ साली ८४२ उरल्या. शेतकरी मुलाला कोणी मुलगी देत नाही, अशी तक्रार प्रत्येक लग्नसराईत ऐकू येते आणि दोष मुलींच्या अपेक्षांना दिला जातो. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत, त्यांनी कसल्या अपेक्षा ठेवायच्या? २०११ साली मोजलेली ती मुलं तर आत्ता कुठे लग्नाच्या वयात येताहेत. हा तुटवडा कापसाच्या भावाने भरून येणारा नाही.

आता उत्पन्न. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या शेतकरी कुटुंबाला २०१२-१३ मध्ये पिकातून महिन्याला सरासरी ३,०८१ रुपये मिळत आणि मजुरी-पगारातून २,०७१. २०१८-१९ मध्ये पिकाचे ३,७९८ झाले, मजुरी-पगाराचे ४,०६३. शेतकऱ्याचं घर आज पिकापेक्षा मजुरी-पगारावर जास्त चालतं. त्या मजुरीत निंदणीला, कापूस वेचायला जाणारी बाई आहे, आणि तिची रोजी गड्यापेक्षा कमी आहे. घरच्या वावरात तीच बाई राबते तेव्हा तिला रोजीही नाही. असोद्याच्या भरिताच्या वांग्यांचं नाव सगळीकडे घेतात. ती तोडणाऱ्या, निवडणाऱ्या हातांचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच असतं.

भावाचा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर लावून धरला, त्या शरद जोशींनीच लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं होतं. भावाचं बोलणाऱ्यांनी त्यांचं हे अर्धं सोडून दिलं.

‘गाव सोडणं’ म्हटलं की आपल्याला नोकरीला गेलेला पोरगा आठवतो. पण या देशात सगळ्यात जास्त माणसं गाव सोडतात ती लग्न होऊन, आणि त्या बायका असतात. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला चौधरींच्या घरी गेल्या, तिशीत विधवा झाल्या, जन्मभर शेतात राबल्या. त्यांचं नाव आपण विद्यापीठाला दिलं. त्यांच्यासारखंच राबणाऱ्या आजच्या बाईला कमावती म्हणायला मात्र आपली जीभ रेटत नाही.

२०२१ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ मध्ये होते आहे. प्रगणक ओट्यावर येऊन घरातली बाई काय करते असं विचारील, तेव्हा ‘घरीच असते’ म्हणू नका. शेती करते म्हणून सांगा, मजुरीला जाते म्हणून सांगा. आणि जमलं तर हे उत्तर तिलाच देऊ द्या.