कपाटात टाकलेलं पुस्तक: अनोळखी कादंबऱ्या मुलांपर्यंत कशा न्यायच्या?



आज एक चूक कबूल करून सुरुवात करते. बऱ्याच वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा बाकाखाली पुस्तक धरून वाचत होता. कव्हर फाटलेलं, पानं पिवळी पडलेली. पाहिलं तर बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा! "असलं वाचण्यापेक्षा काहीतरी चांगलं वाच," असं म्हणून मी ते काढून घेतलं आणि कपाटात टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. लालबागच्या चाळीत राहणारे, गिरणीत काम केलेले. म्हणाले, "बाई, पुस्तक माझं आहे. संपात घरातलं पुष्कळ काही विकलं, ही पुस्तकं नाही विकली."

मी पुस्तक लगेच परत दिलं. पण त्या मुलानं वर्षभर माझ्यासमोर पुन्हा अवांतर पुस्तक उघडलं नाही. त्याचं वाचन बंद पाडणारी मी होते, मोबाईल नव्हे.

त्यानंतर माझं एक मत झालं आहे. मुलं वाचत नाहीत याचं एक मोठं कारण म्हणजे आपली 'चांगल्या पुस्तकांची' यादी. दरवर्षी तीच दहा-बारा नावं. ती पुस्तकं उत्तमच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या यादीबाहेरचं आपण स्वतः काही वाचतो का? आपणच नवं शोधत नसू, तर मुलांनी शोधावं ही अपेक्षा कशी करायची?

आणि शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्या गिरगाव-दादर-परळ-लालबागच्या आसपासच केवढा खजिना आहे! मी तीन वाटा सांगते.

पहिली वाट रहस्याची. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं एकेकाळी घराघरात माहीत होती. सगळ्याच कथा सरस आहेत असं मी म्हणणार नाही; एवढं लिहिताना तोचतोपणा येणारच. पण छोटी वाक्यं, वेगवान प्रसंग आणि 'पुढे काय?' ही ओढ यामुळे वाचनात अडखळणारं मूलही पान उलटतं. शिवाय कोणता धागा आधी आला, कोणावर संशय का घ्यायचा, हा विचार करणं म्हणजे आकलनाचाच सराव नाही का?

दुसरी वाट विनोदाची. जयवंत दळवींची 'सारे प्रवासी घडीचे' घ्या. कोकणातलं एक गाव आणि तिथली एकेक वल्ली. परळ-लालबागच्या कितीतरी घरांचं गाव कोकणात आहे. गणपतीला गावी जाणारी मुलं ही माणसं चटकन ओळखतात. हसता हसता शेवटी मात्र गळ्यात काहीतरी दाटतं. विनोद म्हणजे नुसते चुटके नव्हेत, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरी वाट गंभीर कादंबरीची. मामा वरेरकर आपल्याला नाटककार म्हणून ठाऊक असतात. त्यांनी १९३३ साली गिरणी कामगारांवर 'धावता धोटा' ही कादंबरी लिहिली, हे किती जणांना माहीत आहे? मी वर्गात फक्त नाव फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "धोटा म्हणजे काय?" एकालाही सांगता आलं नाही. आणि शाळेच्या खिडकीतून गिरणीची जुनी चिमणी दिसत होती! दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरून उत्तर घेऊन आली. मागावरच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो, तो धोटा. सांगताना तिचा हात तसाच हलत होता. आजोबांनी करून दाखवलं होतं.

आणि एक वाट फक्त आपल्या मोठ्यांसाठी: भाऊ पाध्ये. कामगार चळवळीत काम केलेला, काही काळ शाळेत शिकवलेला हा लेखक. त्यांची 'वासूनाका' १९६५ साली आली तेव्हा भाषेवरून आणि विषयावरून मोठं वादळ उठलं होतं. शाळेतल्या मुलांच्या हाती ती देऊ नये. पण नाक्यावर उभ्या राहणाऱ्या ज्या पोरांना आपण 'वाया गेलेली' म्हणतो, ती आतून कशी असतात हे कळायला शिक्षकांनी ती जरूर वाचावी.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा?" प्रश्न रास्त आहे. मी आठवड्याला एकच तास देते. आधी पुस्तक स्वतः वाचते. मग वर्गात पाच-सहा पानं मोठ्यानं वाचते आणि ऐन उत्कंठेच्या जागी थांबते. तात्पर्य विचारत नाही, सारांश लिहायला सांगत नाही. फक्त एक काम देते: यातला एखादा शब्द किंवा जागा घरच्या मोठ्यांना विचारून या. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पालकांनी रात्री दहा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवलं, तरी पुष्कळ झालं.

पुस्तकं मिळतील कुठे? १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर पूर्वेला आहे. दादर सार्वजनिक वाचनालय आहे. तुमच्या गल्लीतही एखादं छोटं वाचनालय तग धरून असेल. तिथे गेलात की नेहमीच्या पुस्तकाशेजारचं अनोळखी पुस्तक काढा आणि त्याच्या मागची तारखांची चिठ्ठी बघा. शेवटचा शिक्का कितीतरी वर्षांपूर्वीचा दिसेल.

तो शिक्का मला अस्वस्थ करतो. वाचनालयाला जागा अपुरी पडते, तेव्हा आधी काढून टाकली जातात ती कोणी न नेलेली पुस्तकं. ज्या कादंबरीची नवी आवृत्ती निघत नाही, तिची ती प्रत कदाचित आपल्या भागातली शेवटचीच असते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतर एकेक गिरणी गेली, तिच्या जागी टॉवर आले. त्या टॉवरच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांना इथली जुनी माणसं आता कादंबऱ्यांतच भेटतील. तीही रद्दीत गेली, तर कुठे भेटणार?

म्हणून एक विनंती. या महिन्यात एक तरी अनोळखी कादंबरी स्वतःच्या नावावर घरी आणा. आवडली नाही तर परत करा, काही बिघडत नाही. चिठ्ठीवर नव्या तारखेचा शिक्का तरी पडेल.

आणि बाकाखाली एखादं फाटकं पुस्तक दिसलं, तर काढून घेऊ नका. आधी विचारा, "कुठवर आलास? पुढे काय झालं?"