हळदीला चकाकी हवी, शिसे नको!

हळदीचा दर रंगावर ठरतो, हे आपण जाणता. शिजवण्यात कसर राहिली किंवा वाळवताना पाऊस लागला की हळकुंडे काळपट पडतात. हा दोष झाकण्यासाठी काही ठिकाणी लेड क्रोमेट हा पिवळाधमक रंग लावला जातो. त्यात शिसे असते आणि खाद्यपदार्थात तो वापरण्यास कायद्याने बंदी आहे.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंकेतील २३ शहरांमधील हळद तपासली गेली. भारतात १ किलो हळदीत शिशाची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे; पाटण्यात ते २,००० मिलिग्रॅमच्याही वर आढळले. सर्वाधिक शिसे पॉलिश केलेल्या हळकुंडांत होते. म्हणजे मुख्य दोष पिकाचा नाही, पॉलिशच्या वेळी मिसळलेल्या रंगाचा आहे.

धोका कोणाला?
शिसे शरीरात साठत जाते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, गरोदर महिलांत गर्भपाताचा धोका वाढतो, मोठ्यांत रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार होतात. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. ड्रमजवळ काम करणाऱ्यांच्या श्वासातून हीच धूळ आत जाते.

बांगलादेशाने काय केले?
तेथे २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. जनजागृती, बाजारात सूचनाफलक आणि जागेवरच तपासणी करून दंड, असा तिहेरी मार्ग घेतला गेला. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते आढळले नाही.

आपण काय करावे?
- कंद काढणीनंतर लवकर व एकसारखे शिजवा. ताडपत्रीवर वाळवा, पावसापासून जपा.
- पॉलिश भाड्याने करून घेताना स्वतः हजर राहा. बिनलेबलचा पिवळा रंग ड्रममध्ये टाकू देऊ नका.
- चकाकीसाठी शेवटच्या टप्प्यात घरच्या शुद्ध हळद पावडरीचे पाणी शिंपडा.
- नाका-तोंडाला मास्क लावा. जेवणापूर्वी हात धुवा, कामाचे कपडे वेगळे धुवा.
- शंका असल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिशाची तपासणी करा. डोळ्यांनी किंवा पाण्यात टाकून खात्री होत नाही.

गट व शेतकरी कंपन्यांनी तपासणी अहवालासह माल विकावा. रंगवलेला एक लॉट सापडला, तरी साऱ्या बाजारपेठेच्या हळदीवर संशय येतो आणि त्याचा फटका प्रामाणिक शेतकऱ्यालाच बसतो.