खिडकी उघडते, पण कुठे?

जून २०२५मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केलं की यापुढे एसीचं तापमान २०च्या खाली आणि २८च्या वर नेता येणार नाही, असा नियम येतोय. पुढचे दोन दिवस आपल्या सगळ्यांच्या फोनवर मीम्सचा पाऊस पडला. सोळावर एसी लावून गोधडी घेऊन झोपणारे दुखावले, वीजबचतवाले खूश झाले. तो नियम बरा की वाईट, यात मला आत्ता शिरायचं नाही. मला खटकलं ते वेगळंच. खोलीत माणसाला बरं वाटतंय की नाही, हा सगळा प्रश्न आपण रिमोटच्या दोन बटणांत कोंबून टाकलाय. देशातल्या बहुसंख्य घरांत एसी नाहीच. त्या घरांबद्दल या सगळ्या गदारोळात कोणी चकार शब्द काढला नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. घरातली हवा, उजेड आणि उकाडा यांचा निकाल इमारतीच्या नकाशावर शिक्का बसतो त्या दिवशीच लागलेला असतो. नकाशात कोणीतरी जागा वाचवतो, आणि त्याची किंमत आत राहणारा पुढची पन्नास वर्षं भरत राहतो. कधी विजेच्या बिलात, कधी झोपेत, कधी फुप्फुसात.

हे आपल्याला माहीत नव्हतं असं नाही. मुंबईला तर ते सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलं होतं, आणि फार वाईट मार्गाने कळलं होतं. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. प्लेग म्हटलं की आपल्याला पुणं, रँड आणि चापेकर आठवतात. पण मुंबईत त्या साथीतून आणखी एक गोष्ट निघाली. १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. त्याच काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. ऐकायला किचकट वाटतो, पण हिशोब शाळेतला आहे. समोरच्या इमारतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ ओढा. तुमची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. म्हणजे इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या साधारण दुप्पट असू शकते, त्याहून जास्त नाही. तळमजल्यावरच्या माणसालाही आभाळाचा एक तुकडा मिळालाच पाहिजे, एवढा साधा आग्रह.

ट्रस्ट काही धर्मादाय संस्था नव्हती. त्यांनी हजारो गरिबांची घरं पाडली आणि त्यातल्या कितीतरी जणांना पर्यायी घर दिलंच नाही. ते लोक शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागले. साहेबाच्या काळात सगळं आलबेल होतं, असलं रडगाणं मला गायचं नाही. पण एका बाबतीत ट्रस्टचं बरोबर होतं. हवा आणि उजेड ही मापता येणारी गोष्ट आहे, आणि ती कायद्यात लिहिता येते.

आता गोवंडीला या. मुंबईत रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी ज्यांच्या झोपड्या हलवल्या, त्यातल्या अनेकांना गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत घरं मिळाली. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड. सात-आठ मजल्यांच्या इमारतींच्या रांगा, आणि दोन इमारतींमध्ये कित्येक ठिकाणी जेमतेम तीन मीटर. इतर इमारतींना जे अंतर सोडावं लागतं, त्यातून पुनर्वसनाच्या इमारतींना सवलत मिळाली होती. सवलत कोणाला, ते नीट बघा. कागदावर ती गरिबांच्या घरांना आहे. प्रत्यक्षात ती बांधणाऱ्याला आहे.

हिशोब करून बघू. सात मजले म्हणजे साधारण २१ मीटर उंची. जुन्या नियमाने समोर साडेदहा मीटर मोकळी जागा हवी. सोडली तीन. उंची मोकळ्या जागेच्या दुप्पट व्हायला हवी होती, ती सातपट झाली. तळमजल्याच्या खिडकीत उभं राहून मान पूर्ण वर केली तरी आभाळाची एक चिंधी दिसते. त्या फटीत वरून कचरा पडतो, पाइप गळतात, म्हणून खालचे लोक खिडकी बंदच ठेवतात. भरदुपारी ट्यूब लावावी लागते. हे घर खिडकी असलेलं घर म्हणून मंजूर झालेलं आहे.

२०१८मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या वसाहतींमधल्या टीबीचा अभ्यास पुढे आणला. या दोन वसाहतींत टीबीचं प्रमाण जास्त आढळलं; शेजारच्याच, पण इमारतींमध्ये जास्त अंतर असलेल्या वसाहतीत ते कितीतरी कमी होतं. जिथे ऊन आणि वारा पोचत नव्हता त्या खालच्या मजल्यांवर धोका जास्त होता. टीबीला गरिबी, उपासमार, अर्धवट राहिलेले उपचार अशी अनेक कारणं असतात, हे मान्यच. पण टीबीचा जंतू हवेतून पसरतो. हवा बदलली तर तो विरळ होतो, थेट ऊन लागलं तर मरतो. यात गूढ काही नाही. पेरूमधल्या लिमा शहरात रॉडरिक एस्कॉम्ब आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णालयांतल्या खोल्या तपासल्या होत्या. तो अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, खिडक्या-दारं उघडल्यावर, हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या नव्या खोल्यांत सुमारे १२ वेळा. साध्या उघड्या खिडकीने महागड्या यंत्राला मागे टाकलं. अट एकच, खिडकीबाहेर हवा असली पाहिजे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘झोपडीपेक्षा बरं आहे ना? फुकट तर मिळालंय.’ हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. पक्कं घर, घरात नळ आणि संडास, याची किंमत मी कमी लेखत नाही. विशेषतः बायकांसाठी त्याने काय बदललं, हे कोणत्याही वस्तीत जाऊन विचारा. पण संडास हवा असेल तर ऊन सोडा, असा सौदा कोणी आणि का ठरवला? आणि फुकट म्हणजे काय? अशा योजनांमध्ये लोकांना एका कोपऱ्यात उंच आणि दाट रचलं की उरलेली जमीन मोकळी होते, किंवा तेवढा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरता येतो. त्यावर विक्रीचे टॉवर उभे राहतात, आणि त्यांच्या जाहिरातीत ‘क्रॉस व्हेंटिलेशन’ आणि ‘अबाधित दृश्य’ ठळक अक्षरांत असतं. रिहॅब बिल्डिंगमधून काढून घेतलेला वारा सेल बिल्डिंगमध्ये चौरस फुटाच्या भावाने विकला जातो. मुंबईत जागा नाही, हे पालुपदही त्यामुळे मला पटत नाही. जागा आहे, तिची वाटणी अशी आहे.

‘मग एसी घ्या,’ हा पुढचा उपाय. एसी काय करतो ते बघा. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, शिवाय स्वतः चालताना निर्माण झालेली उष्णताही. बाहेर म्हणजे कुठे? त्याच तीन मीटरच्या फटीत, समोरच्याच्या खिडकीपुढे. ज्याने एसी घेतला नाही त्याची खोली आणखी तापते, मग तोही कर्ज काढून हप्त्यावर एसी घेतो. शिवाय साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवत राहतो. खोली गार होते, हवा शिळीच राहते. खोकणारा माणूस घरात असेल तर बंद खोलीतला गारवा त्याच्या शेजारी झोपलेल्याच्या काही कामाचा नाही.

गंमत अशी की एसी मुळात माणसासाठी जन्मलाच नाही. १९०२मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी ते यंत्र रचलं, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. माणसाला किती तापमानात बरं वाटतं, याचं सूत्र नंतर आलं. १९७०च्या सुमारास डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी हवेचं तापमान, भोवतालच्या भिंतींची उष्णता, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल या सहा गोष्टींचं गणित मांडलं. जगभरच्या ऑफिसांचे एसी त्या गणितावर चालू लागले. त्यात शरीरातल्या उष्णतेचा आकडा सरासरी पुरुषाचा धरलेला होता, आणि तो बायकांच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत जास्त ठरतो, हे २०१५मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवलं. ऑफिसात मे महिन्यात शाल घेऊन बसलेल्या सहकारी मुलीला ‘तुलाच कशी थंडी वाजते’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आणखी एक सूर असतो, तो आपल्याच घरातून येतो. ‘आमच्या वेळी कुठे होता एसी? वाड्यात कसं गार असायचं!’ असायचं, जाड मातीच्या भिंती होत्या, चौक होता, ओसरी होती. पण त्याच वाड्यात अंधारं माजघर होतं, धुराने भरलेलं स्वयंपाकघर होतं, बाळंतिणीची कोंदट खोली होती. ओसरीवरचा वारा कोणाला लागायचा आणि चुलीचा धूर कोणाच्या डोळ्यांत जायचा, हेही आठवा. घरातली चांगली हवा आपल्याकडे कधीच सगळ्यांना सारखी मिळाली नाही.

तरी त्या आठवणीत एक खरी गोष्ट आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अहमदाबाद, दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि सिमला या पाच शहरांतल्या ऑफिसांत सहा हजारांहून जास्त उत्तरं गोळा केली. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींतले लोक युरोप-अमेरिकेच्या मापापेक्षा कितीतरी जास्त तापमानातही समाधानी होते. त्यावरून भारताचं स्वतःचं माप तयार झालं आणि २०१६च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आलं. याचा अर्थ ‘भारतीयांना उकाडा चालतो’ असा काढणं हा बदमाशपणा आहे. अशा माणसाच्या हातात खिडकी असते, पंखा असतो, सैल कपडे असतात. त्यातली खिडकीच काढून घेतली तर त्याच्या सवयीचं कौतुक करण्यात काय अर्थ?

आता जरा स्वतःकडे वळू. हा फक्त गोवंडीचा प्रश्न आहे, असं वाटत असेल तर तुमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग आठवा. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस किती, पार्किंग किती यावर रात्री बारापर्यंत भांडण. नव्या बेडरूमच्या खिडकीपासून शेजारची भिंत किती मीटरवर येणार, हे कोणी विचारत नाही. धारावीतही ३५० चौरस फूट की ५०० हा झगडा चालू आहे, आणि तो योग्यच आहे. पण डक्टमध्ये उघडणारे ५०० चौरस फूट हे मोठं कोंडलेलं घरच असतं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. दोन इमारतींमधल्या अंतराची सवलत पुनर्वसनाच्या इमारतींना देणं बंद करा. सवलत द्यायचीच तर पैशात द्या, कोणाच्या फुप्फुसांच्या जिवावर देऊ नका. सर्वांत खालच्या मजल्यावरच्या सर्वांत वाईट खोलीत किती उजेड आणि किती हवा येते, याचा हिशोब मंजुरीआधी जोडायला लावा. आजच्या संगणकावर ते काम काही तासांचं आहे. आणि तो हिशोब राहणाऱ्यांना त्यांच्या भाषेत वाचायला द्या.

तोवर, भाड्याची खोली बघायला जाल तेव्हा दुपारी जा. दलालाला सगळे दिवे बंद करायला सांगा, खिडकी उघडा आणि समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजा. ते कमी निघालं तर भाडं पाडून मागा. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये कार्पेट एरियाच्या आधी हाच आकडा विचारा.