अँटेनांचा शेजार

तापलेल्या वस्तूतून किती आणि कोणता प्रकाश बाहेर पडेल, हे तिच्या तापमानावर आणि पृष्ठभागावर ठरते, असे आपल्याला शिकवले जाते. नॅनोअँटेनांसाठी हे उत्तर अपुरे आहे. तिथे शेजारी कोण आणि किती अंतरावर, हेही विचारावे लागते.

खोलीच्या तापमानाला वस्तूंचा अवरक्त प्रकाश १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वात तीव्र असतो. काही मायक्रोमीटर लांब आणि नॅनोमीटरमध्ये मोजावी इतकी बारीक धातूची कांडी या प्रकाशाची अँटेना होते. कांडी तापली की आतले इलेक्ट्रॉन सैरभैर हलतात, पण लांबीशी जुळणारी कंपनेच जोर धरतात.

आता अशा दोन कांड्या शंभर-दोनशे नॅनोमीटरवर समांतर ठेवा. दोघींतले विद्युतभार एकाच दिशेने हलले, तर प्रकाश एकमेकांत मिळून वाढतो आणि तरंगलांबी किंचित आखूड होते. विरुद्ध दिशेने हलले, तर बाहेर जाणारा प्रकाश जवळजवळ पुसला जातो आणि ऊर्जा धातूतच विरते. उष्णता दोन्ही कंपने जागवते. लांबून दिसते ते मुख्यतः पहिले.

म्हणून अँटेना वाढवल्या की प्रकाश तेवढ्याच पटीने वाढेल, हा हिशेब चुकतो. किरखोफने १८५९ मध्ये मांडलेला नियम इथेही लागू आहे: शोषणाची क्षमता जेवढी, तेवढीच उत्सर्जनाची. अँटेना स्वतःच्या आकारापेक्षा कितीतरी मोठ्या क्षेत्रातून प्रकाश ओढते. एका बोअरला खेटून दुसरी बोअर घेतली की दोन्हींचे पाणी कमी होते, तसे दाटीत प्रत्येक अँटेनाच्या वाट्याला कमी येते, आणि ती सोडतेही कमी. प्रकाशरूपाने निसटणारी आणि धातूत विरणारी ऊर्जा समान झाली की उत्सर्जन कमाल होते. हा तोल साधायचा तर अंतर नेमके निवडावे लागते.

२००२ मध्ये ग्रेफे आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइडवर बारीक खाचा कोरून, उष्णतेचा प्रकाशही ठरावीक दिशेला पाठवता येतो हे दाखवले. माझ्या मते पदवीच्या अभ्यासक्रमात उष्णताप्रारणाचा धडा कृष्णवस्तूपाशी, म्हणजे सगळा प्रकाश शोषणाऱ्या आदर्श वस्तूपाशी, थांबणे आता अन्यायाचे आहे. याचा उपयोग वायू मोजताना होऊ शकतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरचा प्रकाश शोषतो, आणि त्यावरून तो मोजता येतो. वायुमापकातला साधा तापलेला फिलामेंट मात्र सगळ्याच तरंगलांबींवर ऊर्जा उधळतो आणि त्यातली बहुतेक गाळणीत अडवावी लागते. नेमक्या अंतरावर मांडलेल्या अँटेना हा अपव्यय मुळातच कमी करू शकतात. त्यांची मांडणी करणारे हात आपल्या वर्गांतूनही तयार व्हायला हवेत.