आगाऊ रकमेचे देणे

व्यापारात कोणत्या वस्तूला गिऱ्हाईक मिळेल याचा नेम नसतो. अमेरिकेतील केऑसियम ही प्रकाशनसंस्था गेली चार दशके जो माल विकते आहे, त्याचे नाव भीती. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ही संस्था स्थापन केली. १९८१ मध्ये तिने सँडी पीटरसन यांनी रचलेला ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचा आधार होता एच. पी. लव्हक्राफ्ट या लेखकाच्या भयकथा. हा लेखक १९३७ मध्ये दारिद्र्यातच वारला. त्याच्या कल्पनेवर मात्र पुढे अनेकांचे संसार चालले.

या खेळाला पट लागत नाही. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण कथा चालवितो; बाकीचे प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर अशा सामान्य माणसांच्या भूमिका घेऊन एखाद्या गूढ प्रकरणाचा तपास करतात. प्रत्येकाच्या नावे मानसिक स्थैर्याची ठरावीक शिल्लक मांडलेली असते. भयंकर काही दिसले की फासे टाकावयाचे आणि शिल्लक घटवावयाची. एकदम पाच वा अधिक गुण गेले, तर त्या पात्राचा तोल तात्पुरता ढळण्याची वेळ येते. गूढ विद्येचे ज्ञान जसे वाढते, तशी या शिल्लकेची कमाल मर्यादाच खाली येते. जाणून घेण्याचीही किंमत मोजावी लागते, हा या खेळाचा गाभा होय.

नियमांचे पुस्तक एकदा घेतले की वर्षानुवर्षे पुरते. म्हणून खरा चालू व्यापार असतो तो छापील साहसकथांचा. १९८४ मध्ये आलेली लॅरी डिटिलिओ व लिन विलिस यांची ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ ही त्यांतील सर्वांत नावाजलेली. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये एका लेखकाचा खून होतो आणि तपास लंडन, कैरो, केनिया व शांघाय असा जगभर फिरतो. वर्तमानपत्रांची कात्रणे, पत्रे असे पुरावे खेळाडूंच्या प्रत्यक्ष हाती देता येतात. एक कथा संपावयास महिनोन्‌महिने लागतात. मात्र ही पुस्तके विकत घेतो तो बहुधा एकटा कथाचालक. इतरांनी ती वाचली तर रहस्यच उरत नाही. खेळणारे पाच आणि गिऱ्हाईक एक, असा हा बेताचा बाजार आहे.

अशा बाजारात खेळत्या भांडवलाची चणचण नवी नाही. किकस्टार्टर या संकेतस्थळाने तिच्यावर एक सोपा दिसणारा उपाय पुढे आणला. माल तयार होण्यापूर्वीच ग्राहकांनी पैसे भरावयाचे आणि संकेतस्थळाने त्यांतून ५ टक्के घ्यावयाचे. केऑसियमने २०१२ मध्ये ‘हॉरर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ या १९९१ च्या साहसकथेच्या नव्या आवृत्तीसाठी दोन लाख डॉलरहून अधिक, तर २०१३ मध्ये खेळाच्या सातव्या आवृत्तीसाठी साडेपाच लाख डॉलरहून अधिक रक्कम जमविली.

येथेच घोटाळा झाला. रकमेचा प्रत्येक टप्पा ओलांडला की ग्राहकांना जादा वस्तू देण्याचे वचन दिले गेले. जमा वाढली, तशी पेटीही जड होत गेली. परदेशी पाठवणीचा खर्च अंदाजाबाहेर गेला. मुदती उलटल्या, पैसे खर्ची पडले, आणि हजारो ग्राहक पुस्तकांची वाट पाहत राहिले. विक्री उत्तम असतानाच संस्था बुडण्याच्या बेतास आली.

२०१५ मध्ये स्टॅफर्ड आणि पीटरसन यांनी पुन्हा कारभारात लक्ष घातले. जुने व्यवस्थापन बदलले आणि मून डिझाईन या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या मंडळींकडे सूत्रे सोपविण्यात आली. नव्या मंडळींपुढे जुने देणे होते आणि त्यासाठी आलेली रक्कम तर खर्च झालेली होती. तरीही २०१६ मध्ये सातव्या आवृत्तीची छापील पुस्तके ग्राहकांच्या हाती पडू लागली. २०१८ मध्ये ‘मास्क्स’ची भव्य नवी आवृत्ती निघाली. स्टॅफर्ड त्याच वर्षी निवर्तले. आपण उभी केलेली संस्था सावरलेली त्यांनी पाहिली.

हिशेबाच्या दृष्टीने यातील मर्म जुनेच आहे. आगाऊ आलेली रक्कम गल्ल्यात पडली तरी ती विक्री नव्हे. ताळेबंदात तिची जागा देण्याच्या बाजूस असते, आणि माल पोहोचेपर्यंत ती तेथेच राहते. सणाची वा लग्नसराईची मागणी नोंदवून घेणाऱ्या पेढीलाही हेच लागू आहे. तिने ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, बांधणी व वाहतुकीचा खर्च भाव ठरवितानाच धरावा आणि सौदा ठरल्यानंतर उत्साहाच्या भरात भेटींची खैरात करू नये. प्रत्येक जादा भेट कोणाच्या तरी पैशातून द्यावी लागते, आणि ते पैसे बहुतेक वेळा पुढच्या ग्राहकाचे असतात.

नव्या चालकांनी जुन्या ग्राहकांचे देणे नाकारले असते, तर त्या वर्षीचा तोटा कदाचित कमी दिसला असता. पण ज्या गिऱ्हाइकांवर हा बेताचा बाजार उभा आहे, ती पुन्हा दाराशी आली नसती. पतीची शिल्लक कोणत्याही खातेवहीत मांडलेली नसते, म्हणून ती केव्हा संपली हे उशिराच कळते.