स्क्रू कोणाच्या हातात?

कार्ब्युरेटर म्हटलं की आपल्या पिढीतल्या बहुतेकांना वडिलांची स्कूटर आठवते. सकाळी चालू झाली नाही की ती तिरकी करायची, चोक ओढायचा, किका मारायच्या. तरीही नाहीच झाली तर "कचरा आला असेल" म्हणत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे ढकलत न्यायची. तो कान देऊन एक स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवायचा आणि इंजिनाचा आवाज एकसारखा झाला की म्हणायचा, "जा घेऊन."

इकडे ब्रिटनमध्ये तो स्क्रू अजून फिरतो आहे. उन्हाळ्यातल्या रविवारी गावोगावी जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात आणि त्यात एमजीबी हमखास दिसते. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये बनली, पाच लाखांहून अधिक. तिच्या बॉनेटखाली दोन एसयू कार्ब्युरेटर शेजारी शेजारी बसवलेले असतात. एसयू म्हणजे स्किनर युनियन. स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली ही रचना इतकी साधी, की दहावीच्या विज्ञानावर समजते.

इंजिन हवा ओढतं. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या बारीक नळीतून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर खेचलं जातं. एसयूची गंमत अशी की ही अरुंद वाट स्वतःच लहानमोठी होते. वर घुमटासारखा एक डबा असतो, त्यात एक पिस्टन. इंजिनाने जास्त हवा मागितली की पिस्टन वर उचलला जातो. त्याला खाली एक निमुळती सुई लावलेली असते. पिस्टन वर गेला की सुईही जेटमधून वर येते, फट वाढते आणि पेट्रोलही त्या प्रमाणात जास्त मिळतं. घुमटात थोडं पातळ ऑइल घालतात. एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर पिस्टन झटकन उडी मारू नये आणि क्षणभर मिश्रण दाट मिळावं, म्हणून.

आता ॲडजस्टमेंट. जाणकार आधी कार्ब्युरेटरला हातच लावत नाहीत. व्हॉल्व्हचं अंतर, पॉइंट, प्लग आणि टायमिंग तपासतात, कारण कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे बरेच दोष मुळात इग्निशनचे असतात. मग इंजिन चांगलं गरम करून एअर फिल्टर काढतात. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हीकडची हवेची सूं सूं सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवतात. त्यानंतर मिश्रण. जेटखालचा षटकोनी नट खाली घेतला की मिश्रण दाट, वर घेतला की पातळ. एका वेळी एकच बाजू, म्हणजे फेरीचा सहावा भाग. मग पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून ऐकायचं. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट. इंजिन बसायला लागलं तर पातळ. किंचित वाढून पुन्हा स्थिरावलं तर बरोबर. प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला की समजायचं, जमलं.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. मोजा, थोडं बदला, पुन्हा मोजा. आजच्या गाडीत हेच काम ऑक्सिजन सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात, तेही सतत आणि माणसापेक्षा कितीतरी अचूक. त्यामुळे कार्ब्युरेटर गेला याचं मला दुःख नाही. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ लागतं. ते सतत राखणं स्क्रू ड्रायव्हरच्या आवाक्यातलं नाही. आपल्या शहरांतल्या हवेसाठी हा बदल व्हायलाच हवा होता.

माझं म्हणणं वेगळं आहे. कार्ब्युरेटरबरोबर दुरुस्तीचा अधिकारही गेला, आणि तो जायची काहीच गरज नव्हती.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. सांगली-सोलापूरच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक आज मीटरवर पेटलेला पिवळा दिवा बघतो, पण आत काय बिघडलंय ते वाचायचं यंत्र आणि माहिती अनेकदा फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असते. त्याचं कसब कमी झालेलं नाही, त्याला दाराबाहेर ठेवलं गेलं आहे. भुर्दंड शेवटी ग्राहकालाच बसतो. सर्व्हिस सेंटर तालुक्याला आणि गाडी बंद पडलेली गावात.

हे तंत्रज्ञानामुळे अटळ आहे, असं कोणी म्हणालं तर मानू नका. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना प्रदूषणाशी संबंधित बिघाडांचे कोड एका ठरावीक सॉकेटमधून, ठरावीक पद्धतीने द्यावे लागतात. म्हणून तिथे कुणीही स्वस्तातला रीडर लावून ते वाचू शकतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. उघडं ठेवायचं की कुलूप लावायचं, हे कायदा ठरवतो, चिप नाही.

कंपन्या म्हणतात, माहिती दिली तर लोक छेडछाड करतील, प्रदूषण वाढेल, चोऱ्या होतील. भीती अगदीच खोटी नाही. पण बिघाड वाचणं, सुटा भाग बदलून तो गाडीला ओळखायला लावणं वेगळं आणि इंजिनाचा प्रोग्राम बदलणं वेगळं. दुसऱ्यासाठी जरूर दंड ठेवा, पहिलं मोकळं करा. कार्ब्युरेटरचा स्क्रूही कुणी चुकीचा फिरवू शकत होताच.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनंही घेतली. सुरुवात चांगली आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं वाजवी किमतीत कुठल्याही गॅरेजला मिळालीच पाहिजेत, असं बंधन हवं. आयटीआयमधल्या मुलांच्या हातात पान्याबरोबर स्कॅनरही द्यायला हवा.

पन्नास वर्षांपूर्वीची एमजीबी आजही रस्त्यावर आहे, कारण तिची दुरुस्ती कुणालाही शिकता येते. आज शोरूममधून निघणारी गाडी पन्नास सोडा, वीस वर्षांनी तरी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला उघडता येईल का, हे नवी गाडी घेताना ॲव्हरेजच्या आधी विचारायला हवं.